हमरस्त्यावर पादचाऱ्याची जागा

एखाद्या घराची रीत पाहायची असेल तर दिवाणखान्यातील सामान पाहू नये. त्या घरात म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला कसे वागविले जाते ते पाहावे. शहराच्या बाबतीतही हेच खरे आहे. शहराचा दिवाणखाना म्हणजे त्याचा हमरस्ता. त्यावर दिव्यांचा झगमगाट किती, दुकानांच्या काचा केवढ्या, मोटारी किती किमतीच्या, यावरून शहराची श्रीमंती कळेल. परंतु सत्तरीची आजी आणि सातवीतला मुलगा तो रस्ता निर्धास्तपणे ओलांडू शकतात की नाही, यावरून त्या शहराची रीत कळेल. आपल्या इंदूरपुढे हा प्रश्न सध्या अगदी प्रत्यक्ष रूपात उभा आहे. आग्रा-मुंबई रस्ता, ज्याला आपण सारेच ए. बी. रोड म्हणतो, त्याची मांडणी पुन्हा नव्याने व्हावयाची आहे. अशी संधी शहराला वारंवार मिळत नसते. म्हणूनच या विषयाचा थोडा निवांतपणे विचार करावा, असे वाटते.

पावलांनी वाढलेले शहर

इंदूर हे मुळात पायी चालणाऱ्यांचे शहर आहे. १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे आली आणि राजवाड्याभोवती वस्ती दाटत गेली, ती पावलांच्या मापाने. राजवाडा, सराफा, खजुरी बाजार, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या यांपैकी कोणतेही ठिकाण दुसऱ्यापासून फार तर दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. गल्ल्या अरुंद होत्या, पण त्या माणसांच्या होत्या. पुढे कापडगिरण्या आल्या आणि पावलांच्या जोडीला सायकल आली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गिरणीच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर अजून असेल. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद गिरणी बंद पडली; तिच्या आगेमागे इतर गिरण्याही थंडावल्या, आणि तो लोंढा आटला. तरीही सायकल नाहीशी झाली नाही. पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी, बांधकामावर जाणारा कारागीर यांची ती आजही सोबतीण आहे. फरक एवढाच झाला, की या मंडळींच्या सोयीची मागणी करणारा आवाज क्षीण झाला.

वर्षातून दोन दिवस मात्र इंदूरला आपला मूळ स्वभाव आठवतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद झाल्या, पण सुमारे शंभर वर्षांची ती परंपरा कामगारांनी नेटाने राखली आहे. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर निघते. या दोन्ही प्रसंगी मोटारी दूर उभ्या राहतात आणि रस्ता पावलांचा होतो. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन निर्धास्त चालतात. रस्ता माणसांसाठी रिकामा करणे इंदूरला अशक्य आहे, असे म्हणणाऱ्याने ती रात्र एकदा पाहावी.

गेडिससाहेबांचा धडा

शहराकडे पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने पाहण्याचा धडा इंदूरला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत स्कॉटलंडचे नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस येथे आले आणि १९१८ साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा विस्तृत अहवाल सादर केला. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढावी आणि त्या रेघेच्या आड येणारी वस्ती पाडून टाकावी, ही त्या काळची रूढ पद्धत त्यांना मुळीच मान्य नव्हती. ते गल्लोगल्ली पायी हिंडत, घर अन् घर पाहत, आणि कोठे एखादी पडकी भिंत हलविली तर वाट मोकळी होईल, कोठे झाड लावले तर चौक सुखाचा होईल, याचा बारीक विचार करीत. कुशल शस्त्रवैद्य जसा रोग्याच्या शरीरावर कमीत कमी घाव घालतो, तसा हा उपचार होता.

त्यांची एक हकीकत तर आजही स्मरणीय आहे. प्लेगच्या त्या दिवसांत एका दिवाळीला त्यांनी शहरात मोठी मिरवणूक काढविली. तिचा मार्ग ठरविताना त्यांनी जाहीर केले, की ज्या गल्ल्यांतील लोक आपली घरे सर्वांत अधिक स्वच्छ व नीटनेटकी करतील, त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाईल. परिणाम असा झाला, की गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली आणि शहरातून केराचे ढीगच्या ढीग बाहेर काढले गेले. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा उंदीर होता, आणि स्वच्छ पोशाख केलेले, फुलांनी सजलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. हुकूम न सोडता लोकांचा अभिमान जागा करून काम कसे करून घ्यावे, याचा हा वस्तुपाठ होता. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविणाऱ्या इंदूरची मुळे त्या दिवाळीपर्यंत पोचतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

महामार्ग शहरात आला की शहर महामार्गावर गेले?

आता ए. बी. रोडकडे वळू. हा मूळचा दूरच्या प्रवासाचा रस्ता. मुंबईहून नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेरमार्गे आग्र्याला जाणारा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ हे त्याचे नाव कित्येक वर्षे पाट्यांवर होते. शहर त्याच्या एका अंगाला होते. पुढे ते वाढत वाढत त्याला ओलांडून पलीकडे गेले. भंवरकुआ, नवलखा, गीता भवन, पलासिया, विजयनगर असे एकेक चौक वसले. शाळा, शिकवणीवर्ग, दवाखाने, दुकाने, घरे दोन्ही अंगांना उभी राहिली. दूरची जड वाहतूक बाह्यवळण रस्त्याने जाऊ लागली. म्हणजे रस्त्याचे काम बदलले, पण त्याची वृत्ती बदलली नाही. जो रस्ता आता वस्तीतला झाला, तो अजूनही स्वतःला महामार्गच समजतो आणि त्यावरून जाणारा प्रत्येक वाहनचालकही त्याला तसेच समजतो. सारी अडचण येथे आहे.

मे २०१३ मध्ये या रस्त्यावर राजीव गांधी चौकापासून निरंजनपूरपर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा जलदगती बसमार्ग सुरू झाला. आपल्या बोलीत तो बीआरटीएस. मधोमध कठड्यांच्या आत बससाठी राखीव पट्टा, मध्येच स्थानके, आणि आराखड्यात दोन्ही कडांना पदपथ व सायकलमार्ग. या व्यवस्थेवर वाद पुष्कळ झाले. मोटारवाल्यांना वाटे, आपली जागा गेली. बसच्या प्रवाशांना, विशेषतः विद्यार्थी आणि नोकरदार स्त्रियांना, ती वेळेवर पोचविणारी हक्काची गाडी होती. अखेर राज्यशासनाने हा मार्ग काढून टाकण्याचे ठरविले आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्यास अनुमती दिली.

तो निर्णय योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. त्या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. वाद बसवाला आणि मोटारवाला यांच्यात चालला होता. तिसरा पक्ष, म्हणजे पायी चालणारा, न्यायासनासमोर नव्हताच. वास्तविक बसचा प्रत्येक प्रवासी हा आधी आणि नंतर पादचारीच असतो. ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, इंदूरमध्ये मेट्रो धावू लागली. तिच्याही प्रवाशाला घरापासून स्थानकापर्यंत आपल्याच पायांनी जावे लागते. इतकेच काय, मोटारीचा मालकसुद्धा मोटारीतून उतरताक्षणी पादचारी होतो. तेव्हा मधली जागा मोकळी झाली म्हणजे ती मोटारींनाच वाटून द्यावयाची, हे गृहीत धरणे योग्य नव्हे.

आजीचे गणित

शिक्षकाच्या सवयीने येथे एक छोटेसे गणित मांडतो. समजा, रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २४ मीटर रुंद आहे. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. त्याला हा रस्ता ओलांडण्यास २० सेकंद लागतील. आजींची चाल सेकंदाला ०.८ मीटर धरली, तर त्यांना ३० सेकंद लागतील. आता ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार ३० सेकंदांत ४०० मीटरांहून अधिक अंतर कापते. म्हणजे आजींनी पाऊल उचलावे अशी अपेक्षा असेल, तर दोन्ही दिशांना तितक्या लांबपर्यंत एकही वाहन असता कामा नये. ए. बी. रोडवर भर दिवसा असा क्षण कधी येतो? येत नाही. म्हणून आजी हात वर करून, देवाचे नाव घेऊन पुढे होतात.

आता दोनच बदल करू. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहण्यापुरता एक उंच, सुरक्षित ओटा बांधू. आजींना एका वेळी १२ मीटरच ओलांडावे लागतील आणि त्याला १५ सेकंद पुरतील; शिवाय एका वेळी एकाच दिशेकडे पाहावे लागेल. दुसरे, त्या ठिकाणी वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणू. पंधरा सेकंदांत अशी मोटार १२५ मीटर जाते. जेथे ४०० मीटर मोकळा रस्ता लागत होता, तेथे आता १२५ मीटर पुरतो. यासाठी ना उड्डाणपूल लागला, ना कोट्यवधींचा खर्च. आणि जर दुर्दैवाने धडक झालीच, तरी वेग निम्मा झाला की आघाताची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते, हे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थीही सांगेल. माणूस वाचतो की जातो, हे पुष्कळदा या एका गोष्टीवर अवलंबून असते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. केंद्रशासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज जवळजवळ नव्वद. ही माणसे कोणाशी शर्यत लावीत नव्हती. कोणी भाजी आणावयास, कोणी शाळेत, कोणी देवळात निघाले होते.

चांगला रस्ता म्हणजे काय?

यावर पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते: पादचारी पूल बांधा. परंतु ज्याच्या गुडघ्यांत बळ आहे तोच त्या जिन्याने चढेल, आणि ज्याच्या गुडघ्यांत बळ आहे तो खालूनच धावत जाईल. ज्यांच्यासाठी पूल बांधला ती आजी, तो अपंग, ती कडेवर मूल घेतलेली बाई, तिघेही जिन्याच्या पायथ्याशीच राहतात. माणसाने चढउतार करावी आणि यंत्राने सपाटीवरून जावे, हा न्याय उलटाच म्हणावयाचा.

इंडियन रोड्स काँग्रेस या आपल्या देशातील रस्तेशास्त्राच्या मान्यवर संस्थेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली सुधारून प्रसिद्ध केली. त्यांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी हवी, म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील. त्याची उंची १५ सेंटीमीटरहून अधिक नसावी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पदपथ दीड-दोन फूट उंच बांधतात आणि मग प्रत्येक फाटकाशी तो तोडून उतार काढतात. चालणाऱ्याला दर वीस पावलांवर चढावे आणि उतरावे लागते. तो कंटाळून रस्त्यावरून चालू लागला, की ‘लोकांना पदपथ वापरण्याची सवयच नाही’ असा ठपका त्याच्यावर येतो. खरी रीत अशी, की पदपथ सलग समपातळीत राहावा आणि फाटकातून येणाऱ्या मोटारीने त्यावर चढून, हळूच, त्याला ओलांडून जावे.

चौकांतील डावे वळण ही दुसरी अडचण. सरळ जाणाऱ्यांना लाल दिवा असतो तेव्हाही डावीकडे वळणारी वाहने अखंड चालू असतात. ती सोय वाहनांना मोठी वाटते. परंतु त्यामुळे पायी चालणाऱ्याला त्या कोपऱ्यावर एकही क्षण हक्काचा उरत नाही. वळणाचा कोपरा थोडा आखूड केला तर वाहन आपोआप हळू होते आणि ओलांडण्याचे अंतरही घटते.

तिसरी गोष्ट सायकलची. ताशी ५० किलोमीटरच्या वाहतुकीत सायकलस्वाराला सोडून देणे म्हणजे कागदी होडी पुरात सोडणे होय. हमरस्त्यावर तिला वेगळी वाट हवी आणि ती वाट वाहनतळ होणार नाही अशी आखणी हवी. नुसता रंगाचा पट्टा ओढून भागत नाही. ‘सायकल आता चालवितो कोण?’ असे विचारले जाते. पूल नसलेल्या नदीच्या काठावर उभे राहून ‘येथून पलीकडे कोणी जातच नाही, मग पूल कशाला?’ असे विचारण्यासारखेच ते आहे.

आणि पथारीवाले? त्यांना हाकलून दिले की पदपथ मोकळा झाला, ही समजूत अपुरी आहे. फळवाला, चांभार, पोह्यांचा ठेला यांच्यामुळे रस्त्यावर रात्रीही माणसांचा वावर राहतो आणि एकटी मुलगी निर्भयपणे घरी जाऊ शकते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना ठरावीक जागा देण्याचीच योजना केली आहे. पदपथाच्या कडेला झाडांच्या ओळीत त्यांना जागा आखून द्यावी आणि चालण्याची वाट निर्वेध राखावी, दोघांचेही भागेल.

पुण्याचा अनुभव

हे सारे आपल्या मराठी मुलखात कोणी करून पाहिले आहे काय? पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात असा पक्का बांधला गेला, की वर्षानुवर्षे त्यावर खड्डा पडला नाही, ही त्याची ख्याती. २०१६ च्या सुमारास महानगरपालिकेने त्याचे पदपथ टप्प्याटप्प्याने रुंद करावयास घेतले. बसावयास बाके, मुलांना खेळणी, झाडांभोवती पार, सायकलींना वाट, आणि मोटारी उभ्या करण्यासाठी आखून दिलेली मोजकी जागा. चालणारा जेथे रेंगाळतो तेथेच खरेदी करतो, हे दुकानदारीचे जुने सूत्र आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी त्याच शहराने गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा केला. अर्थात सारे गोड झाले असे नव्हे. रुंद पदपथावर दुचाकी चढविणारे महाभाग तेथेही आहेत. बांधकामाने अर्धे काम होते. उरलेले अर्धे नागरिकांच्या वागणुकीने व्हावे लागते.

हक्क आणि कर्तव्य

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत एक महत्त्वाचा आदेश दिला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने स्पष्ट केले, की निर्वेध पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि ते पदपथ अपंगांनाही वापरता येतील असे असले पाहिजेत. म्हणजे पदपथ ही नगरपालिकेने उरल्या जागेत करावयाची मेहेरबानी राहिलेली नाही. रस्ता आखताना आधी वाहनांच्या ओळी मोजायच्या आणि शिल्लक राहील ते पादचाऱ्याला द्यायचे, हा क्रम आता उलटा व्हावयास हवा. ए. बी. रोडची नवी आखणी करताना आधी दोन्ही कडांचे पदपथ, मग सायकलची वाट, मग बसचे थांबे, आणि त्यानंतर उरलेल्या रुंदीत मोटारी, असा क्रम धरला तर शहराला पश्चात्ताप होणार नाही.

परंतु न्यायालय आदेश देईल, महानगरपालिका फरशी बसवील. आपल्या फाटकापुढील पदपथावर आपली मोटार उभी न करण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल. रामबाग असो, सुदामानगर असो वा राजेंद्रनगर, घराच्या ओट्याची पायरी रस्त्यात आली आहे काय, कुंड्यांची रांग वाटेत आहे काय, हे आपण प्रथम पाहावे. मुलाला दुचाकी घेऊन देण्यापूर्वी शाळा दीड किलोमीटरवरच असेल तर तो पायी किंवा सायकलने का जाऊ नये, असे विचारावे. आणि ‘रस्ता धोक्याचा आहे’ हेच त्याचे उत्तर असेल, तर आपल्या नगरसेवकाकडे जाऊन तेच सांगावे. शाळांनीही मनावर घ्यावे. नववीच्या मुलांच्या हाती मोजपट्टी आणि घड्याळ द्यावे. आपल्या शाळेसमोरील रस्ता किती मीटरांचा, पदपथ किती रुंद, ओलांडावयास किती सेकंद लागतात, हे त्यांनी मोजून लिहावे आणि तो कागद महानगरपालिकेत नेऊन द्यावा. तक्रारीपेक्षा मोजमापाला उत्तर देणे अधिकाऱ्यांना अधिक भाग पडते.

ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा ठेवण्यास इंदूरचा माणूस कधी शिकेल, असे कोणाला खरे वाटले नसते. तो शिकला, आणि देशाला दाखविण्याजोगे शिकला. सवय बदलली ती दंडापेक्षा अभिमानाने. तोच अभिमान आता पावलांकडे वळवावयाचा आहे. गेडिससाहेबांची मिरवणूक आज पुन्हा निघाली आणि तिचा मार्ग सर्वांत सुखाने चालता येईल अशाच रस्त्यावरून जाणार असे ठरले, तर ती आपल्या गल्लीतून जाईल काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या फाटकात उभे राहून स्वतःला विचारावा.